पार्ट बदलण्याआधी: सेडान गाडीची तपासणी, देखभाल आणि नेहमीचे बिघाड, योग्य क्रमाने

एसी गार होईना म्हणून गॅस भरला. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. स्टिअरिंग थरथरतं म्हणून अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली. थरथर जागच्या जागी. ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून वरून ओतलं, आणि पॅड संपल्याचं डिस्कवर पत्रा घासायला लागला तेव्हा कळलं. तिन्ही ठिकाणी काम आधी झालं आणि तपासणी राहूनच गेली.

सिटी, व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस, सियाझ या वर्गातल्या पेट्रोल गाड्या मुळात दणकट आहेत. त्यांच्यावर होणारा फालतू खर्च बहुतेक वेळा उलट्या क्रमामुळे होतो. सरळ क्रम असा: आधी गार गाडी तपासायची, मग इंजिन चालू करून, मग रस्त्यावर, मग घरी करता येतील ती कामं, आणि सगळ्यात शेवटी गॅरेज. टायरची हवा, कूलंटची पातळी, बॅटरीचा निवांत व्होल्टेज ही मापं गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच खरी मिळतात. एकदा सेल्फ मारला की ती संधी दुसऱ्या दिवशीच.

## तयारी: आदल्या संध्याकाळी

गाडीचं मॅन्युअल काढा. कागदी सापडत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पीडीएफ असते. त्यातून चार गोष्टी फोनमध्ये टिपून ठेवा: इंजिन ऑइलचा ग्रेड आणि प्रमाण, कूलंटचा प्रकार, ब्रेक ऑइल बदलण्याची मुदत, आणि सर्व्हिसचं वेळापत्रक. या वेळापत्रकात दोन तक्ते असतात, एक सर्वसाधारण वापराचा आणि दुसरा खडतर वापराचा. दुसरा तक्ता कोणी उघडत नाही. नाशिकमध्ये रोज कॉलेज रोडवरून गंगापूर रोडपर्यंत मुलांना सोडणं, द्वारका सर्कलची कोंडी आणि खोदलेल्या रस्त्यांची धूळ असाच वापर असेल, तर तुमची गाडी त्या दुसऱ्या तक्त्यातली आहे. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड गरमच होत नाही. ऑइलमध्ये उतरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जायला वेळ मिळत नाही, आणि ऑइल मुदतीआधी खराब होतं.

मुदत ‘१०,००० किंवा १५,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ अशी लिहिलेली असते. वर्षात ४,००० किलोमीटरच चालली म्हणून ऑइल पुढच्या वर्षावर ढकलायचं, ही या वर्गातल्या गाड्यांची सगळ्यात नेहमीची चूक.

सामान फार लागत नाही: डिजिटल एअर गेज, साधा मल्टिमीटर, टॉर्च, पांढरं सुती फडकं, हातमोजे, छोटं नरसाळं आणि जुने वर्तमानपत्र. टॉर्क पान्हा असेल तर उत्तम.

जागा सपाट हवी. सोसायट्यांच्या पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्याची भरलेली बाटली फरशीवर आडवी ठेवा. घरंगळली तर जागा बदला. गाडी लावून झाली की काही वेळाने इंजिनखाली वर्तमानपत्र पसरा आणि झोपायला जा.

सावधान: बॉनेटखाली हात घालण्याआधी हँडब्रेक ओढलेला आणि गिअर पार्कमध्ये (मॅन्युअल गाडीत पहिल्या गिअरमध्ये) असावा. बटण स्टार्टची चावी खिशात ठेवू नका, घरात ठेवा. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांचा रेडिएटर फॅन अचानक फिरतो.

## टप्पा १: सकाळी, सेल्फ मारण्याआधी

### १. वर्तमानपत्र बघा

काळसर तपकिरी डाग म्हणजे इंजिन ऑइल. लालसर डाग बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. हिरवा, निळा किंवा गुलाबी चिकट डाग कूलंटचा. साधं पाणी डाव्या बाजूला पडलेलं असेल तर ते एसीचं. त्याची काळजी नको. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा, बुळबुळीत ओघळ दिसला तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

### २. टायर

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा. तेवढी हवा भरायची नसते. या गाड्यांत रोजच्या वापरासाठी साधारण ३० ते ३३ पीएसआय, आणि पाच माणसं व भरलेली डिकी असेल तर मागच्या चाकांना जास्त. अचूक आकडा स्टिकरवरचाच घ्या.

पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापतो आणि हवेचा दाब ३-४ पीएसआय वाढलेला दिसतो. तो ‘जास्त’ समजून हवा सोडली की दुसऱ्या सकाळी टायर कमी हवेवर. म्हणून घरी थंड टायरवर मोजा, किती कमी आहे ते लिहा, आणि पंपावर गरम मापात तेवढीच भर घाला.

तापमान ५-६ अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो. मे महिन्यात ३८-४० अंशांच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे गळती नसतानाही ५ पीएसआय कमी दिसेल. जास्त थंडीच्या निफाडकडच्यांना हा फरक आणखी जाणवतो.

झीज कुठे आहे त्यावरून कारण कळतं. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, फक्त आतली कड झिजली तर अलाइनमेंट. आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने बघा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर संपला. पावसाळ्यासाठी मात्र ३ मिलिमीटरलाच टायर बदलावेत असं आमचं मत. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात: ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. नवा टायर घेताना हे अंक दुकानातच वाचा.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत रोज जाणाऱ्यांनी खाचांत अडकलेला लेथचा बर (धातूचे टोकदार तुकडे) आणि खिळे शोधावेत. खिळा सापडला आणि हवा टिकून असेल तर तो तिथे उपटू नका. तसंच हळू पंक्चरवाल्याकडे जा. टायरच्या बाजूच्या भिंतीत छेद असेल तर पंक्चर काढायचं नसतं, टायर बदलायचा असतो.

खात्री: स्टेपनीची हवा मोजली का? बऱ्याच सेडानमध्ये स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची असते. तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, पाळायचीच. तिच्यात हवाही बहुधा बाकीच्या चाकांपेक्षा जास्त लागते.

### ३. इंजिन ऑइल

डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्यांदा काढल्यावर दिसलेलं माप धरू नका. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी, वरच्या खुणेजवळ असेल तर छान. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत पाऊण ते एक लिटरचं असतं. म्हणून भर घालताना २०० मिलीच्या पुढे जाऊ नका. पाच मिनिटं थांबा, परत मोजा.

वरच्या खुणेच्या वर ऑइल गेलं तर? क्रँक (इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा) त्यात आपटून फेस करतो. फेसाळ ऑइल नीट दाब धरत नाही, आणि जादाचं ऑइल वाफेच्या नळीतून इंटेकमध्ये जातं. जास्त पडलंच तर काढून घ्या. ‘जळून जाईल’ म्हणून सोडू नका.

ग्रेडच्या बाबतीत गल्लीतल्या गॅरेजांची एक सवय घातक आहे. ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल लिहिलेल्या इंजिनमध्ये ‘आपल्याकडे गरमी जास्त’ म्हणून जाड २०डब्ल्यू-४० ओततात. या इंजिनांच्या बेअरिंगमधली फट आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा पातळ ऑइलवर बेतलेली असते. जाड ऑइल सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत वरपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि झीज तेव्हाच होते. मॅन्युअलने पर्यायी ग्रेड दिला असेल तरच तो वापरा. टर्बो गाड्यांत दोन सर्व्हिसच्या मध्ये थोडं ऑइल खर्च होणं स्वाभाविक आहे, म्हणून त्यांची डिपस्टिक दर महिन्याला बघा.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही. मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच. पण झाकणाखाली दुधाळ, साईसारखा थर दिसला तर आधी वापर आठवा. पावसाळ्यात फक्त छोट्या फेऱ्या झाल्या असतील तर तो वाफेचा ओलावा असतो, आणि पाऊण तास महामार्गावर चालवल्यावर जातो. तो गेला नाही आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट (ऑइल आणि कूलंट वेगळे ठेवणारं इंजिनातलं सील) तपासून घ्या.

### ४. कूलंट

टाकी बाहेरून बघा. पातळी दोन रेषांच्या मध्ये हवी. झाकण उघडायची गरजच नसते. गरम इंजिनचं झाकण तर कधीच उघडू नका, आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं.

रंगावरून कूलंट निवडू नका. रंगाला एकच प्रमाण नाही. दोन कंपन्यांचे हिरवे कूलंट रसायनाने वेगळे असू शकतात आणि एकत्र झाल्यावर गाळ धरू शकतात. मॅन्युअलमधलं नाव बघूनच घ्या. बाटलीवर ‘तयार मिश्रण’ लिहिलं असेल तर पाणी मिसळायचं नाही. घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर, बहुधा निम्मं-निम्मं. बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतो.

खात्री: पातळी महिन्याभरात स्पष्ट उतरली तर गळती आहे. फक्त भर घालत राहणं हा इलाज नव्हे. होज पाइपांचे सांधे आणि पाण्याच्या पंपाखालचा भाग यांवर वाळलेला रंगीत डाग शोधा.

### ५. ब्रेक ऑइल

सुरुवातीला सांगितलेली चूक इथेच होते. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात, त्यांच्यामागे जास्त ऑइल जातं आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते. म्हणून पातळी खाली दिसली की आधी चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पॅडचं अस्तर बघा. ३ मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर पॅड बदला, पातळी आपोआप वर येईल. पॅड चांगले असताना पातळी उतरली तर गळती आहे. गाडी उभी करा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. दोन-तीन वर्षांत, मॅन्युअल म्हणेल तेव्हा, पूर्ण बदला. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना सतत ब्रेक दाबून पेडल ‘मऊ’ लागण्यामागे बहुधा हेच जुनं ऑइल असतं.

### ६. बॅटरी

बॉनेट उघडा, गाडी लॉक करा आणि पंधरा मिनिटं थांबा. दार उघडल्यावर जागे झालेले कंट्रोल युनिट झोपेपर्यंत माप खोटं येतं. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ चालेल, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर चार्ज करून मगच निकाल. आता कोणालातरी (मॅन्युअल गाडी आधी न्यूट्रलमध्ये घेऊन) सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली, किंवा टर्मिनलवर पांढरी बुरशी आहे. आधी टर्मिनल साफ करा आणि पुन्हा मोजा.

सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असलेल्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सेल्फ सोसणारी बॅटरी असते. तिच्या जागी साधी बॅटरी स्वस्त पडते, पण लवकर मरते.

## टप्पा २: इंजिन चालू, गाडी उभी

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट यायला हवेत. नव्या गाड्यांतला अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्ज कमी-जास्त करतो, म्हणून आकडा कमी दिसला तर हेडलाइट आणि मागच्या काचेचा डीफॉगर लावून परत बघा.

डॅशबोर्डवरचे सगळे दिवे चावी फिरवल्यावर पेटायला आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. चेक इंजिनचा दिवा सुरुवातीला पेटतच नसेल, तर वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी सावध व्हावं.

एसी लावा. रेडिएटरमागचा फॅन फिरतो का, कॉम्प्रेसर लागताना क्लिक येतो का हे बघा (सतत फिरणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये क्लिक नसतो). झोत कमी असेल तर दोष बहुधा केबिन फिल्टरचा. झोत जोरात पण कोमट असेल तरच गॅसचा संशय. गॅस बंद चक्रात फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला तर कुठूनतरी गळतोय. आधी गळती शोधा, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच, वजन करणाऱ्या मशीनने भरून घ्या. ‘पाइप गार लागेपर्यंत’ अंदाजाने भरलेला गॅस कॉम्प्रेसरला महागात पडतो.

डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं लागतंय? एसीची पाणी जाणारी नळी तुंबली आहे. पावसात ओलं होत असेल तर टप्पा ४ मधलं सनरूफ बघा.

## टप्पा ३: रस्त्यावर

आधी खराब रस्त्याचा एक तुकडा, नंतर मोकळा महामार्ग. शहरात खड्ड्यांची निवड करायला वाव भरपूर आहे. महामार्गासाठी ओझरकडे किंवा सिन्नरकडे सकाळी लवकर निघा. रेडिओ बंद, काचा थोड्या खाली.

ताशी ८० ते १०० मध्येच स्टिअरिंग थरथरतं आणि पुढे-मागे थांबतं: चाकांचं बॅलन्सिंग (वजन समतोल करणं). कोणत्याही वेगाला गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते: आधी दोन्ही बाजूंची हवा, मग अलाइनमेंट. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं: डिस्कची जाडी कमी-जास्त झाली आहे. ही तीन लक्षणं वेगळी असताना सगळ्यांवर अलाइनमेंटचाच उतारा केला जातो.

बारीक खड्ड्यांवर पुढून ‘टक-टक’ येत असेल तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या (गाडी कलण्यापासून रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडवर. हा स्वस्त पार्ट आहे. पूर्ण शॉकअॅब्सॉर्बर बदला असं कोणी सांगितलं तर लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश (रबरी जोड) आधी हलवून दाखवायला सांगा. शॉकअॅब्सॉर्बर गेला असेल तर त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ असतो आणि गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा झुलते.

चाकातून वेगाबरोबर वाढणारा, विमानासारखा घुं-घुं आवाज म्हणजे व्हील बेअरिंग. स्टिअरिंग हलकं डावीकडे-उजवीकडे करा. वळताना बाहेरच्या चाकावर भार येतो. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर डावं बेअरिंग तपासा.

पावसात धुतलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी गंज दिसतो आणि पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते. ते चालायचंच.

ड्युअल क्लच (दोन क्लच असलेली) ऑटोमॅटिक असेल तर चढावर गाडी अॅक्सिलरेटरने तोलून धरू नका, क्लच तापतात. कसारा घाटात ट्रकमागे रांग लागली की दर दोन फुटांना पुढे सरकण्यापेक्षा ब्रेकवर थांबा आणि गाडीभर जागा झाली की सलग पुढे जा. सीव्हीटीला (पट्ट्यावर चालणाऱ्या, ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला) हा त्रास कमी, पण तिचं ऑइल ‘आयुष्यभर चालतं’ यावर विसंबू नका. मॅन्युअलच्या खडतर तक्त्यात मुदत दिलेली असेल तर ती पाळा. गिअरबॉक्सचं ऑइल कंपनीने सांगितलेलंच, पर्यायी नको.

## टप्पा ४: घरी होणारी कामं

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करा, बाजूचा दोरीसारखा दांडा सोडवा, दोन्ही बाजू आत दाबून बॉक्स खाली सोडा. जुना फिल्टर काढण्याआधी फोटो घ्या. नव्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो जुन्याप्रमाणेच यायला हवा. दहा मिनिटांचं काम. वर्षातून एकदा बदलाच.

एअर फिल्टर उघडताना डब्याच्या सगळ्या क्लिप सोडा, नाहीतर प्लास्टिक तुटतं. हलक्या हाताने झटका. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागदाला न दिसणारी भोकं पडतात. काढलेल्या डब्यात पडलेली पानं किंवा उंदराची घाण हाताने काढा, ती आत ढकलू नका.

वायपर आणि पाण्याच्या वाटा हे मेअखेरचं काम, पहिल्या पावसानंतरचं नव्हे. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी, झाडाखाली लावलेल्या गाडीत पाल्याचा थर साचतो. तो काढला नाही तर पाणी केबिनच्या ब्लोअरमध्ये जातं. सनरूफ उघडून चौकटीच्या चारही कोपऱ्यांत पाण्याची भोकं असतात. त्यांत बाटलीने थोडं पाणी सोडा. दुसऱ्या बाजूने गाडीखाली उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर टोकदार तार घालू नका, आतली नळी सांध्यातून निसटते. नायलॉनची जाड दोरी हळू फिरवा.

उंदीर. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटशेजारच्या पार्किंगमध्ये हा खरा बिघाड आहे. इग्निशनची वायर कुरतडली की इंजिन अडखळतं आणि लोक पेट्रोलला दोष देतात. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. सांडलेलं खाणं गाडीत ठेवू नका. पार्किंगचा कोपरा स्वच्छ असेल तर फवाऱ्यांची गरज कमी पडते.

## टप्पा ५: दिवा लागला, गाडी अडली

चेक इंजिन. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर आधी पेट्रोलचं झाकण घट्ट आहे का बघा, मग एक-दोन दिवसांत स्कॅन करा, म्हणजे स्कॅनर जोडून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचा. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर होतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं. वेग कमी करा, थांबा. स्कॅनरवर पी ०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. पहिली कॉइल (ठिणगीला वीज देणारा पार्ट) दुसऱ्या सिलिंडरच्या जागी लावून परत स्कॅन करा. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल गेली, पी ०३०१ च राहिला तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्याच. पुसलेला कोड म्हणजे पुसलेला पुरावा.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा. इंजिन लगेच बंद. ‘पुढच्या पंपापर्यंत’ चालवलं तर इंजिन बसतं.

तापमान चढलं. घाट चढताना काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडा, सुरक्षित जागी थांबा. वाफ येत असेल तर इंजिन बंद करा आणि वाफ थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका. वाफ नसेल तर इंजिन तसंच चालू ठेवून फॅन फिरतो का बघा. फिरत नसेल तर बंद करा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच टाकी उघडायची. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेड वाकतं.

सेल्फ फिरत नाही. जंप स्टार्टचा क्रम: लाल वायर मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला. शेवटची जोडणी बॅटरीपासून लांब, कारण ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. काढताना उलट क्रम. बॅटरी सोडवताना आधी मायनस, बसवताना आधी प्लस.

पाण्यात उभी राहिलेली गाडी. गोदाघाटावर लावलेली गाडी पुरात सापडली किंवा तळघराच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, आणि ते दाराच्या उंबऱ्याच्या वर गेलं असेल, तर सेल्फ मारू नका. ‘बघू तरी चालू होते का’ यातच इंजिन जातं: सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याची रेषा दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, पाणी ओसरल्यावर बॅटरीचं मायनस काढा आणि गाडी सपाट ट्रकवर चढवून न्या. सेल्फ मारल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या विम्यात बहुधा येत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी असते.

समृद्धीवर निघण्याआधी. ताशी १२० ची मर्यादा असलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर कमी हवेचा टायर तापून फुटतो. इगतपुरीकडून किंवा शिर्डीकडून चढण्याआधी घरी, सकाळी, थंड टायरवर स्टिकरमधला पूर्ण भाराचा आकडा भरून घ्या. पाच-सहा वर्षं जुन्या टायरवर तो प्रवास करू नका, खाचा कितीही खोल असोत.

## टप्पा ६: आता गॅरेज

वरची नोंद घेऊन गेलात तर जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या यादीवर) ‘आवाज येतो’ ऐवजी ‘ताशी २० ला, खराब रस्त्यावर, पुढे डावीकडे टक-टक’ असं लिहून घेता येतं. गॅरेजच्या सल्लागाराबरोबर पाच मिनिटं गाडीत बसून आवाज ऐकवा. लक्षण सांगा, इलाज सांगू नका. ‘अलाइनमेंट करा’ म्हणालात तर ते अलाइनमेंटच करतील, आणि बिल देणं तुमच्यावर.

ठरलेल्या वेळापत्रकात नसलेली कामं सही करण्याआधी बघा: इंजिन फ्लश, इंजिन ड्रेसिंग, पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या, लक्षण नसताना थ्रॉटल बॉडीची सफाई, दर सहा महिन्यांनी एसीची औषधफवारणी. यातलं फारसं काही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. जुने पार्ट परत मागा, डिकीत टाकून द्या म्हणावं. ऑइल ड्रेन प्लगचा वॉशर दरवेळी नवा लागतो. तो बिलात दिसतो का बघा.

मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आणि डिस्क असेल तर पॅड बदलताना हँडब्रेक स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो. गॅरेजकडे ती सोय आहे का हे आधी विचारा. जोर लावून पिस्टन मागे ढकलला तर मोटर तुटते.

गाडी घरी आल्यावर लगेच काही करू नका. रात्री वर्तमानपत्र पसरा. सकाळी सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक बघा; सर्व्हिसनंतर ऑइल जास्त भरलेलं सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. चारही टायरची हवा मोजा, कारण बऱ्याच ठिकाणी सगळ्या गाड्यांना एकच आकडा भरतात. खाली वाकून इंजिनखालच्या प्लास्टिक पत्र्याच्या सगळ्या क्लिपा मोजा. एक जरी नसेल तर महामार्गावर तो पत्रा लोंबतो. चाकं काढली असतील तर ८० ते १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्ह्याने, आडव्या-उभ्या ताऱ्याच्या क्रमाने तपासा. या गाड्यांत साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. हवेच्या गनने आवळलेले नट इतके घट्ट असतात की रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्ह्याने ते हलतही नाहीत. तेव्हा घरीच एकदा सैल करून मापात आवळून ठेवा.